सगळ्यात मोठा ठिपका

तिचं नाव हजेरीच्या वहीत नीट लिहिलेलं आहे. पण त्या नावाने कुणी हाक मारली, तर कुणाला बोलावतायत म्हणून तीच मागे वळून बघेल. सगळे तिला लगबग म्हणतात. वयाने लहान असलेले पुढे ताई जोडतात, तेवढाच मान. ही बाई चालत नाही, सुटते. चहाचा कप हातात घेतला की तो संपेपर्यंत तीन खोल्या फिरून येते. लॅबने तिला एक खुर्ची दिलेली आहे आणि त्या खुर्चीवर गेली बावीस वर्षं हातमोज्यांची खोकी बसतात.

नवरा शिंपी. नवे कपडे शिवत नाही, जुने उसवून अंगाला बसवून देतो. कुणाची बाही आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. त्याच्या मते देवाने हिच्या पायात बॉबिन बसवून पाठवली. "झोपेत पण टीप मारते ही," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. ती आतून म्हणते, "तुम्ही बसून मारता, मी पळून मारते. पगार माझाच जास्त आहे."

शेतावर वाढलेली बाई. बारावीच्या पुढे शिकली नाही, पण लॅबमधलं यीस्ट तिच्या जिवावर जगतं. यीस्ट म्हणजे पाव फुगवतं तेच. इथे पाव कुणी भाजत नाही. गोल चपट्या बशीत खळीसारखं गोठणारं खाद्य ओततात आणि त्यावर यीस्ट वाढवतात. एकेक पेशी डोळ्याला दिसत नाही. एकीच्या वाढून लाखो झाल्या की बशीवर एक पांढरा ठिपका उमटतो. पंधरा दिवसांनी बशी वाळायला लागते. मग एका ठिपक्याला टूथपिक टेकवायची आणि नव्या बशीवर रेघ ओढायची. की पुढचे पंधरा दिवस वंश चालू. अशा दोनशे जातींच्या बशा लगबगकडे होत्या. तिच्या हातची एकही मेली नाही. दुसऱ्या लॅबमधले लोक बुरशी लागली की तिच्याकडे यायचे, "ताई, तुमचा हात लावा जरा," म्हणायचे. ती तोंडाने "चला, कामं नाहीत का" म्हणायची, पण मनातून फुगायची.

पाच वर्षांपूर्वी एक पोरगी डॉक्टरेट करायला आली. बारीक, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला लागली की थांबत नाही. तिचा विषय असा की पहिल्याच आठवड्यात तिला शेपटी हे नाव पडलं. पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो. त्या चरबीच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन लांब शेपट्या. काही शेपट्या सरळसोट. त्या एकमेकींना चिकटून ताठ बसतात, थंडीत चरबी थिजते तशा. काही मध्येच वाकलेल्या. त्या दाटीवाटीने बसत नाहीत, म्हणून पडदा लवचिक राहतो. पेशी घाईत असते तेव्हा हाताला येईल ती शेपटी लावून रेणू बनवते. मग सवडीने एक शेपटी तोडते आणि हवी ती जोडते.

लगबग ट्रे पुसता पुसता ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्या ह्यांचं दुकान. आधी तयार सदरा घ्यायचा, मग बाही उसवायची."

"अगदी तेच, ताई! तोडणारा एक कारागीर असतो आणि जोडणारे दुसरे दोन."

"आणि जोडणारा सुट्टीवर गेला तर?"

शेपटीचे डोळे चमकले. हाच तर तिचा प्रश्न होता. तिने जोडणारे दोन्ही कारागीर काढून टाकलेलं यीस्ट तयार केलं होतं. जोडणारे नाहीत म्हणून शेपट्या बदलत नाहीत, पडदा ताठ, आणि पेशी बिचारी रडतखडत वाढते. बाकीच्या जातींचे ठिपके दोन दिवसांत दिसायचे, हिला पाच दिवस लागायचे. लगबगने पहिल्यांदा बशी उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय मरतुकडं आणलंस? खायला घालत नाहीस का?"

तेव्हापासून त्या बशीचं नाव मरतुकडी.

पहिल्या वर्षी शेपटीने मोजमाप केलं. यीस्टला थोडा वेळ खुणेचं खाद्य घालायचं, म्हणजे त्या वेळात बनलेले रेणू पुढे ओळखता येतात. मग दोन तासांनी त्यांच्या शेपट्या बघायच्या. धडधाकट यीस्टमध्ये शेपट्या बदललेल्या निघाल्या, मरतुकडीत होत्या तशाच राहिल्या. लॅबच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी ते आकडे स्वतःच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवले. बाईंच्या काचेखाली जागा मिळणं म्हणजे काय ते तिथे काम करणाऱ्यालाच कळेल.

मग शेपट्या मोजायचं नवं यंत्र आलं. ते बसवण्यात आणि त्याच्याशी भांडण्यात शेपटीची वर्षं गेली. बशा ओढायचं काम तिने लगबगवर सोडलं. पाचव्या वर्षी, प्रबंध द्यायला एक महिना उरला असताना तिने तेच मोजमाप नव्या यंत्रावर पुन्हा केलं. आणि मरतुकडीच्या शेपट्या बदललेल्या निघाल्या.

तिने पुन्हा केलं. पुन्हा बदललेल्या. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा चरबी काढायला लागणाऱ्या क्लोरोफॉर्मच्या वासाने तिचं डोकं फुटायला आलं होतं आणि आकडे तेच होते.

मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. लगबग त्याच खोलीत कपाटातल्या बाटल्या लावत होती. बाई ओरडत नाहीत, हळू बोलतात, आणि ते जास्त लागतं.

"तीन वेळा केलंस ना?"

"हो, बाई."

"मग आता दोनच शक्यता राहतात. पहिल्या वर्षी तू चुकलीस. नाहीतर पहिल्या वर्षी..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं.

"नाहीतर काय, बाई?"

"मी काही म्हणत नाही. बाहेरचे परीक्षक म्हणतील. चोवीस दिवस आहेत, विचार कर."

लगबगच्या हातातली बाटली कपाटावर जरा जोरात आपटली. बाईंनी वर बघितलं, पण ती तोपर्यंत दाराबाहेर होती. पोरीला खोटारडी म्हटलं होतं. शब्द गिळला होता, पण म्हटलं होतंच. आणि हा डाग एकदा लागला की पोरीने पुढे कुठल्याही लॅबचं दार ठोठावलं तरी तो तिच्याआधी आत जाऊन बसणार होता.

पुढचे दोन दिवस लगबगला चैन नव्हतं. एकच ट्रे तिने दोनदा धुतला. तिसऱ्या दिवशी शेपटी तिला मोठ्या कुकरच्या खोलीत सापडली. जिथे बशा आणि बाटल्या वाफेवर शिजवून निर्जंतुक करतात, ती खोली. पोरगी कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती.

"अगं, वाफेने चष्मा खराब होईल. रडायचं तर पलीकडे रड, तिथे पंखा आहे."

शेपटीला हसू आलं नाही.

लगबगला धीर द्यायचा होता आणि धीर कसा देतात ते तिला धड येत नाही. तिने आपल्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट काढली. "हे बघ, वाईट दिवस बदलतात. तुझी मरतुकडी आठवते का कशी होती? पाच-पाच दिवस ठिपका दिसायचा नाही. आता बघ जाऊन. दोन दिवसांत बशी भरते! मी केली तिला धडधाकट."

शेपटीने नाक पुसायचं थांबवलं. "दोन दिवसांत?"

"दोन. मोजून."

"कशी केली, ताई?"

"कशी म्हणजे? बी निवडतात तशी. आमच्या घरी सुगी झाली की माझी आई कणसांच्या ढिगातून सगळ्यात मोठं, भरलेलं कणीस पेरणीसाठी बाजूला काढायची. तसंच. दर वेळी बशीवर जो सगळ्यात मोठा ठिपका, त्यालाच टूथपिक लावायची."

"दर वेळी मोठा?"

"मग काय किडका घेऊ?"

शेपटी भिंतीला पाठ लावून खाली बसली. फरशी ओली होती, तरी बसली. "ताई," ती म्हणाली, "ती बरी व्हायला नको होती."

"म्हणजे?"

"तिचं आजारपण म्हणजेच माझा प्रबंध होता."

मग तिने सांगितलं. लाखो पेशींत एखादी चुकून वेगळी निपजते. इथे एखादीत दुसरंच काम करणाऱ्या तिसऱ्या कारागिराची जादा प्रत तयार झाली असेल आणि त्याने शेपट्या जोडायचं काम उचललं असेल. ती पेशी भराभर वाढली, तिचा ठिपका मोठा झाला, आणि लगबगने तोच निवडला. पुढच्या वेळी पुन्हा त्यातला मोठा. चार वर्षांत शंभर वेळा. बशीवर नाव मरतुकडीचं राहिलं आणि आत भलतीच बाई नांदायला लागली.

लगबगला आधी राग आला. "मग सांगायचं ना! बावीस वर्षांत एका माणसाने सांगितलं का मला, की मोठा घेऊ नको?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"तुला वाटलं! पाच वर्षं माझ्या हातून बशा घेतल्यास, एकदा विचारलं नाहीस!"

"प्रत्येक मोजमापाच्या आधी फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेल्या मूळ नळीतून नवं काढायचं असतं, ताई. नियमच आहे तो. मी आळस केला." शेपटी उठली. "बाईंना सांगू नका. माझी चूक माझ्यापाशी राहू दे. तुम्हाला काढतील त्या."

संध्याकाळी लगबग घरात शिरली ती थेट दुसऱ्या दाराने मागच्या गॅलरीत गेली, तिथून पुढच्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात. शिंपी मशीनवर होता. चौथ्या फेरीला तो म्हणाला, "अगं, फरशी झिजेल. काय मोडलंस?"

तिने सगळं सांगितलं. तो पायाने मशीन थांबवून ऐकत होता.

"पोरगी म्हणते सांगू नका," लगबग म्हणाली.

"तुझं काय म्हणणं?"

"माझी नोकरी अजून सहा वर्षं आहे."

"ते नाही विचारलं."

"अहो, लोक माझा हात मागायला येतात! त्याच हाताने घाण केली असं जाऊन सांगू?"

शिंप्याने दोरा दाताने तोडला. "मागे एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी बाही उलटी लावली होती. ते म्हणालं, आधीच्या शिंप्याने बिघडवलं असणार. मी गप्प बसलो. ते जाऊन आधीच्या शिंप्याशी भांडून आलं."

"मग?"

"मग काही नाही. तो शिंपी अजून माझ्याशी बोलतो. मलाच त्याच्याकडे बघवत नाही."

ती त्या दिवशी जेवली का नाही ते तिलाही आठवत नाही. सकाळी मोठ्या बाईंच्या दाराशी बाईंच्या आधी उभी होती. बाईंनी कुलूप काढायच्या आत बोलायला सुरुवात केली आणि बाई खुर्चीवर टेकेपर्यंत सगळं सांगून संपवलंसुद्धा.

बाईंनी चष्मा काढला. "मोठा ठिपका. फक्त याच जातीत?"

"नाही."

"किती जातींत?"

"सगळ्याच बशा मीच ओढते, बाई."

"दोनशे?"

"दोनशे चार."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगताय म्हणून ते खरं ठरत नाही. पोरीला वाचवायला बोलताय असंही कुणी म्हणेल. दाखवता येईल का?"

दाखवायचं तर मूळ मरतुकडी हवी. ती मिळाली तर फ्रीझरमध्येच मिळणार. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर, दार उघडलं की पांढरी वाफ पायावर उतरते. आणि इथे लगबगला आपली दुसरी चूक आठवली. तीन वर्षांपूर्वी तो फ्रीझर बिघडला होता. नव्यात सामान हलवताना तिने जुन्या नळ्या फेकल्या होत्या आणि बशांवरून ताज्या भरल्या होत्या. कुणी न सांगता, स्वतःच्या हौसेने, रविवारी येऊन.

लगबग आणि शेपटी हातमोजे घालून खोकी उपसायला लागल्या. पहिला कप्पा, सगळी अक्षरं लगबगची. दुसरा, लगबगची. शेपटी झाकणं उघडत होती आणि लावत होती. खालच्या कप्प्यात, बर्फाने भिंतीला चिकटलेलं एक लहान खोकं होतं. शेपटीने पेचकस घालून ते सोडवलं. झाकणावर तिच्या पहिल्या वर्षाच्या अक्षरात लिहिलं होतं: हात लावू नये.

"ह्याला मी हात नव्हता लावला," लगबग म्हणाली. "मला राग आला होता हे वाचून. म्हटलं, राहा पडून."

आत एकच नळी होती.

नळीतलं गोठलेलं यीस्ट वितळू न देता वरचा थर खरवडला आणि बशीवर पसरला. आता थांबायचं. लगबगला आयुष्यात कधी थांबता आलेलं नाही, आणि आता पाच-सहा दिवस थांबण्याशिवाय काम नव्हतं. पहिल्या दिवशी तिने उबेचं कपाट अकरा वेळा उघडलं. दुपारी शेपटीने कपाटाला चिकटपट्टी लावली. "ताई, दर वेळी ऊब जाते. दिवसातून एकदाच."

"मी नुसतं बघते."

"बघू पण नका."

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. लगबगने जिन्याचे कठडे पुसले, जे तिचं काम नव्हतं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मेलं असेल." शेपटी म्हणाली, "तुम्हीच म्हणायचात ना, पाच दिवस लागतात?" "तेव्हा मी काय चोवीस दिवसांतले मोजत होते का?"

पाचव्या दिवशी बशी उजेडात धरली. सुईच्या टोकाएवढे ठिपके, तीसेक असतील. आणि त्यांत दोन मोठे, टपोरे, मसुरीएवढे. लगबगने टूथपिकचा डबा शेपटीपुढे सरकवला. "तू उचल. माझा हात आपोआप मोठ्याकडेच जाईल."

शेपटीने तीन बारके ठिपके टिपले आणि बशी बाजूला ठेवली.

"थांब," लगबग म्हणाली. "मोठे दोन पण घे."

"ताई, तेच तर नकोत ना."

"ऐक तर. बारके घेतलेस आणि शेपट्या नाही बदलल्या, तर बाई म्हणतील बरं, तुझे जुने आकडे बरोबर. पण परीक्षक विचारेल, मग मधले तीन वेळचे चूक का? त्याला काय सांगणार, आमची ताई म्हणाली म्हणून? एकाच नळीतले, एकाच बशीवरचे मोठे आणि बारके शेजारी शेजारी मोज. मोठ्यांत बदलल्या आणि बारक्यांत नाही, तर कुणाला काही विचारायला जागा उरते का?"

शेपटीने आणखी दोन टूथपिका काढल्या.

मरतुकडी वाढवायला, खुणेचं खाद्य घालायला, चरबी काढून यंत्रात द्यायला आणखी आठ दिवस गेले. यंत्र एकेका नमुन्याला पाऊण तास घेतं. दुपारी पहिला आलेख पडद्यावर आला. बारका ठिपका. शेपटीने पडद्याला नाक लावलं.

"काय?" लगबग मागून म्हणाली. "काय गं? बोल की!"

"नाही बदलल्या."

दुसरा, तिसरा, तसेच. मग मोठे. चौथा आलेख वेगळाच निघाला, पाचवा चौथ्यासारखा. मोठ्यांत शेपट्या बदलल्या होत्या.

"म्हणजे," शेपटी हळू म्हणाली, "ही वेगळी पेशी पहिल्या नळीतच निपजली होती. तुम्ही तिला घडवलं नाही. तुम्ही फक्त निवडलं."

"मग माझी चूक अर्धीच की."

"नाही. पूर्ण आहे."

"बरं," लगबग म्हणाली. "विचारून बघितलं."

दोघी आलेख घेऊन बाईंकडे गेल्या. बाईंनी पाचही कागद टेबलावर एका ओळीत मांडले, दोनदा वाचले. शेपटीला म्हणाल्या, "पहिल्या वर्षीचे आकडे ठेव. त्याखाली हे जोड. बिघाड कसा झाला तेही लिही, काही लपवू नको. आठ दिवस आहेत."

शेपटीने मान हलवली आणि कागद गोळा केले. लगबग दारातच होती.

"बाई, आणि त्या दिवशी तुम्ही हिला जे म्हणालात, त्याचं काय?"

"काय म्हणाले मी?"

"अर्धंच म्हणालात. पण मी तिथे बाटल्या लावत होते. ते परत घ्या."

शेपटीने तिची बाही ओढली. बाईंच्या कपाळावर आठी आली, गेली, पुन्हा आली.

"घेतलं," बाई म्हणाल्या. शेपटीकडे बघून म्हणाल्या, लगबगकडे नाही. मग लगबगकडे वळल्या. "आणि उद्यापासून बशा तुमच्याकडे नाहीत. सगळ्या दोनशे चार जाती बाहेरून नव्याने मागवायच्या. आहेत त्या शिजवून टाका. आजच."

"नोकरी?"

"कुकर आणि काचसामान. बघू पुढे."

"बरं," लगबग म्हणाली आणि सुटली.

दोनशे चार बशा ढकलगाडीवर चार खेपांत आल्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख. सगळ्या टपोऱ्या ठिपक्यांनी भरलेल्या, कुणाचीही नजर लागावी अशा. तिने एकेक पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, कुकर भरला, झाकण आवळलं. शेपटी मदतीला आली होती. तिला म्हणाली, "इथे काय उभी राहिलीस? आठ दिवस आहेत ना? जा, लिही जा."

शेपटी गेली. लगबगने कुकरचा काटा एकशे एकवीस अंशांवर आणला आणि शिजेपर्यंत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली.